शनिवारी अकरा वाजता

"तुम्ही किती दिवस येणार?"

माझं नाव विचारायच्या आधी तिनं हे विचारलं. भांडुप पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी महापालिकेची एक शाळा आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात दोन बाकं समोरासमोर लावून आम्ही बसलो होतो. २०२४ चा जुलै, शनिवार, सकाळचे अकरा. शाळा नुकतीच सुटली होती आणि खाली नळावर कुणीतरी खिचडीची पातेली घासत होतं. माझ्या हातात शाळेतल्या मुलांना मार्गदर्शक जोडून देणाऱ्या संस्थेनं दिलेली फाइल होती आणि फाइलीत 'पहिल्या भेटीसाठी प्रश्न' असा एक कागद. आवडता रंग कोणता, आवडता विषय कोणता, मोठेपणी काय व्हायचंय वगैरे. तो कागद मी परत आत सरकवला.

"दोन वर्षं," मी म्हणाले. "तुझी आठवी होईपर्यंत."

"पहिल्या ताई पण दोन वर्षं म्हणाल्या होत्या."

आवाजात तक्रार अशी नव्हती. गाडी दहा मिनिटं लेट आहे हे स्टेशनवर कुणी कुणाला सांगावं, तितपतच. पहिल्या ताई दिवाळीपर्यंत आल्या म्हणे. त्यांच्या जागी आलेल्या दुसऱ्या ताई पाच शनिवार. मी तिसरी. सातवीतल्या मुलीच्या दीड वर्षात दोन ताया पाहून झाल्या होत्या.

तिचं खरं नाव लिहीत नाही. इथे तिला रेश्मा म्हणते.

मी ह्यात कशी पडले हे विचारणाऱ्याला काहीतरी उदात्त ऐकायचं असतं, आणि माझ्याकडे तसं काही नाही. मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि मुलुंडच्या घरातले शनिवार एकदम लांबलचक झाले. मी बॅलार्ड इस्टेटमध्ये एका शिपिंग एजन्सीत अकाउंट्स बघते, शनिवारी सुट्टी असते, नवऱ्याला नसते. आमच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपवर एकीनं पत्रक टाकलं, 'शालेय मुलांसाठी मार्गदर्शक हवेत, आठवड्याला दोन तास'. मला वाटलं, गणित शिकवायचं असेल. गणित मला येतं. मुलाला दहावीपर्यंत मीच शिकवलं होतं. "आई, तू शिकवायला लागलीस की मला झोप येते," असं तो म्हणायचा, पण मार्क चांगले पडले होते.

फॉर्म चार पानी होता. नात्याबाहेरच्या दोन ओळखीच्या माणसांची नावं, ओळखपत्रं, आणि पोलीस पडताळणीचा दाखला. फुकट काम करायला पोलिसांचा दाखला लागतो ह्यावर नवरा दोन दिवस हसला. मग मुलाखत. हे काम का करावंसं वाटतं, ह्यावर मी खरं तेच सांगितलं की शनिवारी घर खायला उठतं. समोरच्या बाईंनी ते शांतपणे लिहून घेतलं. म्हणाल्या, "बरं झालं. समाजाचं ऋण फेडायला आलेले लोक सहसा दिवाळीला गळतात."

दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये दोन रविवार प्रशिक्षण झालं. निम्मा वेळ काय करायचं नाही हे ऐकण्यात गेला. मुलीला घेऊन बंद खोलीत बसायचं नाही, भेट उघड्या व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशीच. आपला नंबर तिला द्यायचा नाही, बोलायचं ते आईच्या फोनवर. फोटो काढून स्टेटसला लावायचा नाही. पैसे नाहीत, वस्तू नाहीत, आणि हातून होणार नाही असं कुठलंही वचन नाही. आणि मुलानं कधी सांगितलं की कुणीतरी त्याच्या अंगाला हात लावतो, तर 'मी कुणाला सांगणार नाही' असं चुकूनही म्हणायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असं काही कळल्यावर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर आम्ही सगळ्यांनी फोनमध्ये तिथेच साठवला. हॉलमध्ये तेव्हा जी शांतता पसरली ती मला अजून आठवते.

एक खेळ मात्र माझ्या चांगलाच अंगाशी आला. जोड्या लावायच्या, एकानं तीन मिनिटं आपली एखादी अडचण सांगायची, दुसऱ्यानं ऐकायची. सल्ला द्यायचा नाही आणि 'माझंही अस्संच झालं होतं' म्हणायचं नाही. माझ्यासमोर विशीतला एक मुलगा होता, त्याचं वडिलांशी पटत नव्हतं. चाळिसाव्या सेकंदाला मी म्हणाले, "अरे, पण त्यांचंही वय बघ ना." शिकवणाऱ्या ताईंनी टाळी वाजवून मला बाद केलं. एक्कावन्न वर्षांच्या बाईला लंगडीतून बाद व्हावं तसं वाटलं.

पहिले तीन-चार शनिवार आमचं काही जमलं नाही. मी विचारायची, ती 'हो', 'नाही' आणि 'काय माहीत' ह्या तिघांवर भागवायची. नाव-गाव-फळ-फूल खेळायला लागल्यावर ती जरा सैलावली, कारण त्यात ती मला सरळ हरवायची. 'ढ' वरून मला गाव सुचेना, तर म्हणाली, "ढाका चालेल का?" आणि मग स्वतःच, "पण ते आपलं नाही."

मग ती झोपायला लागली.

खरोखर. मी अपूर्णांक समजावून सांगत होते, तिनं बाकावर हात टेकला, हातावर डोकं, आणि गेली. मुलाचं वाक्य आठवलं आणि कान गरम झाले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी मी संस्थेच्या समन्वयक ताईंना जरा फणकाऱ्यानंच म्हणाले की मुलीला ह्यात रसच नाही, तर माझी जोडी बदलून द्या. त्या म्हणाल्या, "तिच्या घरी गेलायत का? चला, आत्ताच जाऊ."

पायऱ्या मी मोजत होते. ऐंशीच्या पुढे दम लागला आणि मोजणं सोडलं. उजवीकडे उघडं गटार, डावीकडे दारं, आणि वर जावं तशी गल्ली अरुंद होत गेलेली. रेश्माचं घर शेवटून तिसरं. मागे डोंगराची संरक्षक भिंत, तिच्या फटींतून पाणी झिरपत होतं. घर लख्ख होतं. दारामागे खिळ्याला दोन जाड पिशव्या टांगलेल्या.

"पावसात आमच्यात रातचं कोण झोपत नाय, मॅडम," तिची आई म्हणाली. त्या घरकाम करतात, चार घरी. गाव चिपळूणकडचं. "जोराचा लागला की ह्यो बसतो, मग मी बसते. पोरीला सांगते झोप, पण ती पण बसते."

पिशव्यांत कपडे असतील असं मला वाटलं होतं. एकीत होते. दुसरीत आधारकार्डं, रेशनकार्ड, जन्माचे दाखले, बँकेचं पासबुक आणि रेश्माचं दप्तर. पळायची वेळ आली तर ही पिशवी रेश्मानं घ्यायची असं ठरलेलं. २०२१ च्या जुलैत एकाच रात्री चेंबूरच्या भारतनगरला आणि विक्रोळीच्या सूर्यनगरला घरं गाडली गेली, ती बातमी मी मुलुंडला चहा पिता पिता वाचली होती. ह्या गल्लीत तेव्हापासून पिशव्या टांगल्या जातात.

शिवाय पाणी. नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं, ते भरायचं काम तिचं. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा ह्याच भांडुपच्या संकुलात शुद्ध होऊन शहरभर जातो आणि त्याच्याच परिसरातली पोर साडेचारला हंडा घेऊन उभी असते. माझ्या घरी पाणी कधी येतं हे मला माहीतच नाही. टाकी भरलेली असते.

उतरताना समन्वयक ताई काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. जोडी बदलण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या शनिवारपासून आम्ही ठरवून टाकलं, पाऊस असेल त्या आठवड्यात पहिली वीस मिनिटं तिनं डोकं टेकायचं आणि मी माझं वाचत बसायचं. एकदा मुख्याध्यापकबाई राउंडला आल्या आणि झोपलेल्या मुलीशेजारी पेपर वाचणारी स्वयंसेविका बघून थबकल्या. त्यांना काय वाटलं असेल ते असो.

दिवाळीच्या सुमाराला मी ती चूक केली. तिच्या कंपासपेटीची बिजागरी तुटली होती, रबरबँड लावून ती वापरायची. मी स्टेशनजवळच्या दुकानातून नवी घेतली, एकशे ऐंशी रुपयांची. नियम ठाऊक होता, पण वाटलं, कंपास म्हणजे काही भेटवस्तू नाही, अभ्यासाचंच साहित्य आहे. आपल्या सोयीसाठी माणूस किती पटकन शब्द बदलतो! रेश्मानं ती घेतली, 'थँक्यू ताई' म्हणाली, दप्तरात ठेवली.

पुढच्या शनिवारी शेजारच्या बाकावरची मुलगी तिच्या ताईला विचारत होती, "मला कधी आणणार?" आणि रेश्मानं माझ्यापुढे एक डबा ठेवला, चकल्यांचा. डब्याखाली शंभराच्या दोन नोटा, घडी घालून.

"आईनं दिलेत. आमचं आम्ही घेतो म्हणाली."

समन्वयक ताईंनी नंतर फोनवर जे सुनावलं ते ह्यापुढे काहीच नव्हतं. वीस रुपये मला परत द्यायचे होते. ते मी पुढच्या भेटीत दिले आणि तिनं मोजून घेतले. चकल्या उत्तम होत्या, तेवढं खरं.

गणिताचं मात्र सांगायला हवं, कारण तिथे मी स्वतःला तज्ज्ञ समजत होते. रेश्माची शाळा मराठी माध्यमाची, पण गणित-विज्ञान सेमी इंग्रजीत. मी म्हणाले 'एकोणसत्तर', तिनं लिहिलं ७९. पुन्हा सांगितलं, तर खोडून ५९. ही पोर कच्ची आहे असा शेरा मी मनात मारून टाकला. मग एकदा घरी बसून उलट हिशोब केला. ती दुसरीत होती २०१९ साली. त्याच वर्षी दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असंही वाचायला दिलं होतं आणि त्यावरून विधिमंडळापर्यंत रणं माजली होती. आमच्या डब्यातही माजली होती. मी 'भाषा बुडवली' म्हणणाऱ्यांत होते. दुसरी संपता संपता टाळेबंदी आली. मुंबईत पहिली ते सातवीच्या शाळा पुन्हा उघडल्या त्या १५ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे रेश्माची तिसरी वर्गात न बसताच झाली आणि चौथीचीही निम्मी गेली. भागाकार तिनं शिकला तो वडिलांच्या फोनवर. तो फोन दिवसा रिक्षात असायचा आणि रात्री नऊला घरी यायचा.

हे कळल्यावर मी सातवीचं पुस्तक मिटलं आणि तिसरीपासून सुरुवात केली, पण ते तिला कळू न देता. साधन तिनंच पुरवलं. वडिलांच्या रिक्षाचं दरपत्रक तिला तोंडपाठ होतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २३ चं २६ झालं, ते दीड किलोमीटरला, आणि किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. मीटर बदलून घेईपर्यंत बरेच रिक्षावाले जुन्या मीटरचा आकडा बघून कार्डावरून भाडं सांगत होते, आणि वडिलांचं कार्ड हिनंच वाचून पाठ केलेलं. मी विचारायची, भांडुप स्टेशनपासून चार किलोमीटर गेलं तर किती? ती हवेत बोट फिरवायची. "अडुसष्ट छप्पन्न. म्हणजे एकोणसत्तर." लिहून दाखव म्हटलं तर लिहिलं, ६९. मी काही बोलले नाही. वीस मिनिटांत दशांश, गुणाकार आणि जवळच्या रुपयापर्यंत पूर्णांक करणं, सगळं झालं होतं.

'एकोणऐंशी' ला ती अजूनही अडखळते. इंग्रजीत सांगितलं की लगेच लिहिते. 'वीस एक' वर मी पूर्वी जे काही बोलले होते ते परत बोलेन असं वाटत नाही.

मार्च महिना आमच्या धंद्यात वाईट. २०२५ च्या मार्चमध्ये दोन शनिवार माझे ऑफिसात गेले. पहिल्या वेळी तिच्या आईला फोन करून कळवलं. दुसऱ्या वेळी विसरले. निव्वळ विसरले, रात्री साडेनऊला ट्रायल बॅलन्स जुळल्यावर आठवलं. तिसऱ्या शनिवारी अकराला मी बाकावर हजर, रेश्मा नाही. खाली मैदानात मुलींबरोबर बसलेली दिसली. मला बघितलं तिनं. वर आली नाही.

समन्वयक ताई म्हणाल्या, बोलवू नका, बसून राहा. मी तासभर एकटी बसले. आजूबाजूच्या जोड्या बोलताहेत, हसताहेत आणि आपण रिकाम्या बाकासमोर फाइल घेऊन. लग्नात वरपक्षच आला नाही असं वाटत होतं. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच. तिसऱ्या खेपेला ती आली, बसली, वही काढली आणि म्हणाली, "'म' वरून घ्या." मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं मुलीचं नाव, गाव, फळ, फूल लिहूनही टाकलं होतं. तेव्हापासून एकही शनिवार न कळवता चुकवलेला नाही. एकदा ताप होता तर सकाळी आठला फोन केला, आईला नाही, तिलाच बोलवून सांगितलं. "बरं, गोळी घ्या," म्हणाली.

जाता जाता एक सांगते. वर्षातून दोनदा एखाद्या कंपनीचे लोक एकसारखे टी-शर्ट घालून शाळेत येतात, भिंतीवर फुलपाखरं रंगवतात, मुलांबरोबर फोटो काढून जातात. फुलपाखरं छान असतात. मुली त्यांनाही विचारतात, "परत कधी येणार?"

मे महिन्यात पालकांची लेखी परवानगी घेऊन तीन जोड्या आणि समन्वयक ताई मिळून बाहेर गेलो. कुठे जायचं हे मुलींनी ठरवायचं होतं. इतर दोघींनी राणीची बाग आणि गेटवे म्हटलं. रेश्मा म्हणाली, ताईंचं ऑफिस. तडजोड म्हणून गेटवे आणि ऑफिस.

भांडुपहून स्लो लोकल. पाऊण-एक तासाचा प्रवास तिनं दाराजवळच्या जाळीपाशी उभं राहून केला, एकेक स्टेशन बघत. सीएसएमटीला उतरून आम्ही चालत बॅलार्ड इस्टेटला गेलो. दगडी इमारती, झाडं, सुट्टीमुळे रस्ता मोकळा. मी हौसेनं सांगायला लागले की हे सगळं जॉर्ज विटेट नावाच्या वास्तुकारानं आखलं, गेटवेसुद्धा त्याचंच, आणि ही जमीन मुळात समुद्र होती. शेजारची गोदी खणली तेव्हा निघालेल्या मातीचा भराव घालून ती तयार केली.

तिनं खाली बघितलं, पायानं फरशी दाबून पाहिली. "म्हणजे इथे माती खाली आहे. आमच्याकडे वर आहे."

पंधरा वर्षं मी त्या फुटपाथवरून चालतेय.

ऑफिसात तिला खुर्ची फिरते ह्याचं कौतुक वाटेल, असा माझा अंदाज. तिनं एकदा बसून बघितलं आणि उठली. मग बराच वेळ टेबलांच्या रांगा बघत राहिली. "तुम्ही दिवसभर बोलता कोणाशी?" तिनं विचारलं. मी सांगितलं, फारसं कुणाशी नाही, आकडे असतात. "मग शनिवारी बोलायला येता होय," ती म्हणाली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी जे लिहून घेतलं होतं, ते हिनं न वाचता सांगितलं.

आठवीत एनएमएमएस आली. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, असं तिचं लांबलचक मराठी नाव. शाळेत सगळे 'एनएमएस' म्हणतात, एक 'एम' गिळून. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी ही परीक्षा. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना थोडी सवलत. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, थेट मुलाच्या खात्यात. त्यासाठी पुढेही सरकारी किंवा अनुदानित शाळेतच राहावं लागतं आणि दहावीला ६० टक्के आणावे लागतात. रेश्माला सातवीत ६१ पडले होते. आईला मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले, "पैसे भरायचे किती?" आणि "तिच्याच नावावर येणार ना?"

कागदपत्रांना मी घाबरत होते, कारण माझ्या मुलाच्या ॲडमिशनला आमची दमछाक झाली होती. इथे ती खिळ्यावरची पिशवी खाली उतरली. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सगळं प्लास्टिकमध्ये, कोपरासुद्धा न दुमडलेलं. नवा लागत होता तो उत्पन्नाचा दाखला. ह्या भागाचा तालुका कुर्ला आणि त्याचं तहसील कार्यालय मुलुंडला, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. वाटलं, हे तर आपलंच अंगण. पण एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर घरात हाक मारतात ते. रिक्षावाल्याच्या उत्पन्नाला पगाराची चिठ्ठी नसते, स्वयंघोषणापत्र लागतं. त्यांचे दोन दिवस धंदा बुडवून गेले. रांगेत मी बरोबर होते, पण तिथे माझं काम फक्त फॉर्म वाचून दाखवणं आणि पिशवी धरणं. बोलायचं त्यांनीच. एकदा कारकुनानं माझ्याकडे बघून प्रश्न विचारला, तर ते पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, मुलगी माझी आहे, मला विचारा." मी एक पाऊल मागे सरकले.

अभ्यास मी घेतला असं म्हणायचा मोह होतो. तो घेतला शाळेतल्या सरांनी. सकाळी शाळेच्या आधी एक तास, अकरा मुलं. निवडणुकीचं काम अंगावर असतानाही त्यांनी तो तास फारसा बुडू दिला नाही. आम्हा स्वयंसेवकांचं फोटोसह कौतुक होतं आणि सरांना कुणी चहाही विचारत नाही, हे मला खटकतं म्हणून लिहून ठेवते. माझ्या वाट्याला शनिवारचा सराव आला. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. बौद्धिक क्षमतेच्या पेपरात आकृत्या, मालिका, सांकेतिक भाषा. शालेय क्षमतेच्या पेपरात विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २०. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, त्यातच पेननं गोल काळा करायचा, आणि एकदा केला की खोडता येत नाही. चुकीचे मार्क कापत नाहीत, म्हणून एकही गोल कोरा सोडायचा नाही, हे तिच्या गळी उतरवायला मला तीन आठवडे लागले. "येत नाही तर कशाला लिहायचं?" हे तिचं म्हणणं. ठोकून द्यायचं, हे तिला मंजूर नव्हतं.

आरशातल्या घड्याळात किती वाजले, हे प्रश्न मात्र ती माझ्याआधी सोडवायची. मी उजवं-डावं करत बसायची आणि तोवर हिचा गोल काळा झालेला असायचा. एकदा मी अडून बसले की उत्तर चुकलंय. तिनं कागद उलटा करून उजेडासमोर धरला आणि मागच्या बाजूनं घड्याळ दाखवलं. बरोबर होतं.

डिसेंबरात परीक्षा झाली, रविवारी, घाटकोपरच्या एका शाळेत. वडिलांनी तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना रिक्षातून आणलं. मी गेटबाहेर उभी होते. तिथे दोनेकशे पालक तरी असतील, बहुतेक जण फुटपाथवर वर्तमानपत्र अंथरून बसलेले. रेश्माचे वडील बसले नाहीत. रिक्षाच्या दांडीला टेकून दोन्ही पेपर होईपर्यंत उभे होते. मधल्या सुट्टीत ती आली. "पहिला बरा गेला. एक गोल चुकून खालच्या प्रश्नाचा केला," म्हणाली आणि पोळीभाजी खाल्ली. "सगळे केलेस?" मी विचारलं. "नव्वद," तिनं सांगितलं. "चार ठोकले."

दुसरा पेपर झाल्यावर ती रिक्षात बसली आणि गांधीनगरचा सिग्नल यायच्या आत झोपली, असं तिच्या आईनं संध्याकाळी फोनवर सांगितलं. "घरी आल्यावर उचलून न्यायचं तर एवढ्या पायऱ्या," त्या हसून म्हणाल्या. "मग खालीच थांबलो रिक्षात, अर्धा तास." आता त्या मला मॅडम म्हणत नाहीत, ताई म्हणतात.

निकाल अजून लागायचाय. त्यानंतरच्या शनिवारी अकराला मी पोचले तर ती आधीच बाकावर. अभ्यासाचं काही उरलं नव्हतं. तिची शाळा आठवीपर्यंतच आहे, नववीला दुसरीकडे जावं लागेल. आमची दोन वर्षंही एप्रिलला संपतात. त्यावर आमचं कधी बोलणं झालेलं नाही, पण संस्थेचं पत्र तिच्या घरी गेलंय आणि मलाही आलंय.

"ताई, नववीला शनिवारची शाळा किती वाजता सुटते?"

"माहीत नाही ग. प्रत्येक शाळेचं वेगळं असतं. विचारून सांगते."

"विचारा," ती म्हणाली, वहीचं नवं पान काढून चार उभ्या रेघा मारल्या आणि अक्षर सांगितलं, "'ढ'."